हात न लागलेला रुपया

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बावीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसते आहे. लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरायचं, रंगवायचं आणि पेशी मोजायच्या. या कामानं डोळ्यांना एक खोड लागते. कुठलीही गोष्ट पाहिली की आधी तिच्यातली खोट दिसते. साडीचा निघालेला धागा, पोळीवरचा करपलेला ठिपका, पाहुण्यांच्या घरच्या भिंतीचा पोपडा. नाण्यांच्या नादी मी लागले ती या खोडीमुळेच.

सासरे गेले तेव्हा त्यांच्या कपाटात बिस्किटांच्या जुन्या डब्यात चांदीचे नऊ रुपये निघाले. राणीछाप. नवऱ्याला त्यांत काही रस नव्हता. तो बुटीबोरीला एका कापड कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो, घरी आला की त्याला झोप हवी असते. मी आपली गंमत म्हणून ते रुपये लॅबमध्ये नेले आणि दुपारी सॅम्पल संपल्यावर एकेक करून मायक्रोस्कोपखाली धरले. पहिल्यावर राणीच्या गालापासून मुकुटापर्यंत ओरखड्यांचं बारीक जाळं होतं. दुसऱ्यावर तेच. सहाव्यावर मात्र जवळजवळ काही नव्हतं. चांदीचा पृष्ठभाग अगदी टांकसाळीतून आल्यासारखा सलग होता, आणि रुपया जरा कलता केला की त्यावरून उजेड गोल फिरून जायचा.

तो रुपया मी इतवारीतल्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे नेला. त्यानं भिंग लावलं, रुपया दोन बोटांत कडेनं धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा आजपर्यंत कोणी घासला नाही. ग्रेडिंगला टाका."

ग्रेडिंग म्हणजे काय हे मला तिथंच कळलं. नाणं तज्ज्ञांच्या कंपनीकडे पाठवायचं. ते त्याला सत्तरपैकी आकडा देतात आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. त्या पेटीला स्लॅब म्हणतात. ती उघडता येत नाही, फोडावीच लागते. आणि फोडली की आकडा गेला. माझा रुपया दोन महिन्यांनी चौसष्ट आकडा घेऊन परत आला. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी कधी गुण दिले नव्हते. दहावीचा निकाल लागावा तसा मला आनंद झाला.

तिथं थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

त्या कंपनीच्या संकेतस्थळावर एक यादी असते. आपल्याकडे दर वर्षाचा एकेक राणीछाप रुपया असा संच असेल तर तो तिथं नोंदवायचा. प्रत्येक नाण्याच्या आकड्यावरून गुण मिळतात, गुणांवरून क्रमांक लागतो, आणि जानेवारीत त्या वर्षाचा पहिला संच जाहीर होतो. मी नोंद केली तेव्हा अकरावी होते. दीड वर्षात तिसरी झाले. मग दुसरी. आणि दुसरी झाल्यावर अडकले.

माझ्या वर जो कुणी होता त्यानं नावाच्या जागी नुसतं एका सायकलचं चित्र लावलं होतं. मी त्रेसष्ट आकड्याचा रुपया विकून चौसष्टचा घेतला की तीन आठवड्यांत सायकलवाला पासष्टचा आणायचा. मी कुठल्या वर्षावर काम करते आहे हे त्याला कळत असावं असं मला वाटायचं, कारण नेमकं त्याच वर्षाचं त्याचं नाणं बदलायचं. सकाळी दूध तापायला ठेवलं की मी यादी उघडायची. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज फिरत असताना उघडायची. ऑटोच्या मागच्या सीटवर, दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, देवळात चपला काढताना. वर सायकल आणि खाली मी. चार वर्षं.

भाचीच्या लग्नाला मी गेले नाही, कारण त्याच दिवशी एका लिलावात मला हवं असलेलं वर्ष येणार होतं. घरी सांगितलं की लॅबमध्ये माणूस नाही. ते नाणं मिळालं नाहीच. संध्याकाळी नवऱ्यानं लग्नाचे फोटो दाखवले, मी "छान, छान" म्हणत राहिले आणि मनात विचार की ते सायकलवाल्यानंच नेलं असेल का. हा नाद आहे हे मला कळत होतं. बाहेर कसं पडायचं ते कळत नव्हतं. सोडावं म्हटलं की वाटायचं, आता सोडलं तर चार वर्षं दुसरं राहण्यात गेली. एकदा पहिलं व्हावं आणि मग सोडावं. जुगारी माणूस हेच म्हणतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आमच्याकडे सासूबाई असतात. मी त्यांना आई म्हणते. वय ब्याऐंशी, माहेर काटोलकडचं. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरीही घरात त्या भिंतीला हात लावत सगळीकडे फिरतात, लसूण सोलतात, शेंगा निवडतात, आणि वरणाच्या वासावरून मीठ कमी आहे हे सांगतात. त्यांच्या पेटीत सागवानी लाकडाचा एक जुना करंडा होता. त्यात कापसावर ठेवलेला एक रुपया आहे एवढं मला ठाऊक होतं. दर लक्ष्मीपूजनाला इतर चांदी चिंच लावून घासली जायची, ताटात मांडली जायची. करंडा मात्र नुसता उघडून ठेवत आणि नंतर बंद करत. त्याचं काय ते मी कधी विचारलं नव्हतं.

एका एप्रिलमध्ये कूलर बसवायला खिडकीजवळची पेटी हलवावी लागली आणि करंडा माझ्या हाती आला.

"आई, यातला रुपया पाहू का?"

"पाह्य ना वं. मले त आता दिसत नाही. पन हात नोको लावू त्याले."

"काहून?"

त्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. लग्नात त्यांच्या आईनं तो दिला होता. आईला तिच्या आईनं दिलेला. "माय म्हने, हा नुसता पाहायचा. हात लागला का बरकत जाते. मी त पासष्ट वर्सं नुसता पायला. बोट नाही लावलं कधी."

मी झाकण काढलं. कापूस पिवळा पडला होता. त्यावर रुपया, आणि त्याच्या कडेला निळसर-जांभळा रंग चढलेला. असा रंग शंभर वर्षं कुणी न हलवलेल्या चांदीवरच चढतो. मी वर्ष वाचलं. माझ्या संचात सगळ्यात दुबळं असलेलं, सायकलवाल्याकडे पासष्टचं असलेलं ते वर्ष होतं. मी कूलरवाल्याला चहा द्यायला विसरले.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून तो लॅबमध्ये नेला. मायक्रोस्कोपखाली राणीच्या गालावर एक ओरखडा नव्हता. संध्याकाळी मी आईंच्या शेजारी बसले.

"आई, हा रुपया तपासायला पाठवू का? तिथले लोक तो चांगल्या डबीत बंद करून देतात. मग त्याला कधीच काही होत नाही."

"वापस येईन ना?"

"येईल ना."

"मंग पाठव बाप्पा. तुले समजते त्यातलं."

डबी उघडत नाही हे मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

ऑगस्टमध्ये तो सहासष्ट होऊन आला. त्या वर्षाचा त्याहून वरचा आकडा यादीत कुणाकडेच नव्हता. मी नोंद केली, पान पुन्हा उघडलं, आणि सायकल माझ्या खाली गेली. मी लॅबमधल्या सगळ्यांना बर्फी वाटली. का ते कुणाला समजलं नाही. मलाही ते नीट सांगता आलं नाही.

तो आनंद मोजून आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मी पुन्हा यादी उघडली, आता तो काय करेल म्हणून. आधी वर पाहून भीती वाटायची, आता खाली पाहून. वर निदान एकच माणूस होता. खाली चाळीस.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईंनी करंडा मागितला. तो रिकामा होता. मी स्लॅब आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, अंगठा फिरवला, कडा चाचपल्या, नखानं फट शोधली.

"हे काय होय?"

"त्यातच आहे रुपया. बंद केलाय."

"खोल ना मंग."

"उघडत नाही ते, आई."

त्यांनी स्लॅब मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी म्हनलं होतं का आता डोळे त गेले. पाहाची सोय नाही. त आता एक डाव हातानं पाहून घेतो. मायनं नाही म्हनलं होतं, पन मायले काय मालूम का माहे डोळे जातीन म्हनून. यंदा लक्ष्मीले विचारून हात लावीन, असं ठरवलं होतं म्या."

नवरा दिवे लावत होता. तो वळून म्हणाला, "फोडून दे ना तिला. प्लॅस्टिकच तर आहे."

"फोडला तर आकडा जाईल."

"कसला आकडा?"

चार वर्षं मी त्याला यादीबद्दल कधी धड सांगितलंच नव्हतं. तिथं दिव्यांच्या ताटाशी उभं राहून सांगायला लागले तर माझं मलाच ते खुळ्यासारखं ऐकू आलं. तो पुढचा दिवा लावायला वळला. काही बोलला असता तर मी भांडले असते.

मी आईंना म्हटलं, "जानेवारीत निकाल लागतो. तोपर्यंत थांबा. मग मी स्वतः फोडून देते. नक्की."

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं थांबली. दोन महिने काय." आणि स्लॅब त्यांनी ताटात ठेवला. मी कुंकू लावलं ते प्लॅस्टिकवर लागलं. पूजा झाल्यावर मी ते ओल्या कापडानं पुसून टाकलं, डाग राहू नये म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटी सीताबर्डीच्या एका हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन होतं. त्याआधी यादीच्या संकेतस्थळावरून मला एक निरोप आला होता. "अभिनंदन. मी प्रदर्शनात येणार आहे. तो रुपया पाहायला मिळेल का?" खाली सायकलचं चित्र. चार वर्षं मी त्याला मुंबईचा किंवा दुबईचा कुणी धनाढ्य समजत होते. तो निघाला उमरेडचा. कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला, बारीक अंगाचा माणूस. एसटीनं आला होता आणि हातात डबा होता.

हॉलच्या बाहेर पायऱ्यांवर आम्ही बसलो. मी स्लॅब दिला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"ताई, हे काही म्या मिळवू शकलो नसतो," ते म्हणाले. "बरं झालं. आता मी सुटलो."

"म्हणजे?"

"मले वाटे तुम्ही थांबान. तुम्ही थांबले का मी थांबीन, असं म्हणत होतो. चार वर्सं झाली." ते हसले. "पोरगी बाळंतपणाले आली होती, त मी मोबाईल घेऊन बसलो राहो. नातीले पहिल्यांदा घेतलं तवाही एका हातात मोबाईल होता. पोरीनं तसाच फोटो काढून ठेवला. घरी लावला आहे."

"मला वाटायचं तुम्ही थांबाल," मी म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं लवकर संपलं. त्यांनी स्लॅब परत दिला आणि सहज विचारलं, "कुठून मिळालं म्हणता हे?"

"एका घरातून."

"ज्याइचं होतं त्याइनं देलं कसं पन? असं नाणं कोणी देते?"

मी आत एक स्टॉल पाहायचा आहे असं सांगून उठले. जाताना त्यांनी डब्यातले दोन तिळाचे लाडू माझ्या हातावर ठेवले.

घरी जाताना ऑटोत मी ठरवलं की आज फोडायचा. पर्समध्ये हात घालून स्लॅब चाचपलाही. घर येईपर्यंत मनात हिशोब झाला, पाच आठवडे तर राहिले. सायकलवाले सुटले ते मी वर गेले म्हणून. आता मीच खाली उतरले तर ते सुटणंही फुकट जाईल. असली कारणं मला तेव्हा फार लवकर सुचायची.

डिसेंबरात एका सकाळी आई चहा पीत बसल्या होत्या. कप एकाएकी कलंडला. मी ओरडले, "आई, चटका बसेल!" त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण शब्द जिभेत अडकून आला, आणि तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. अर्धांगाचा झटका आहे हे मी लगेच ओळखलं. नवरा नुकताच पहिल्या शिफ्टला गेला होता. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं, मीच पाहिलं. काचपट्टी दोनदा करावी लागली.

जीव वाचला. तीन आठवड्यांनी घरी आल्या तेव्हा थोडं बोलता येत होतं, सावकाश, तुटक. उजवा पाय जरासा हलायचा. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तसाच राहायचा. डॉक्टरांनी त्या हाताच्या बोटांना टाचणी टोचली आणि विचारलं, "कळतंय का?" आईंनी विचारलं, "काय?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. ईमेलला प्रमाणपत्र जोडलं होतं, त्यावर माझं नाव आणि "पहिला क्रमांक". मी ते लॅबमध्ये वाचलं. इतका वेळ वाट पाहिलेली गोष्ट आली की माणूस काय करतो, हे मी कधी ठरवलंच नव्हतं. मी फोन खिशात ठेवला आणि पुढचं सॅम्पल घेतलं. मग लॅबच्या डॉक्टर मॅडमना सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली.

घरी गेले तेव्हा दुपारचं ऊन आईंच्या खाटेवर होतं. मी नवऱ्याच्या हत्यारांतून पक्कड आणली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्लॅबची कड दाबली. पहिल्यांदा नुसता आवाज झाला. दुसऱ्यांदा कोपरा तुटला. तिसऱ्यांदा प्लॅस्टिक उभं चिरलं आणि रुपया ओट्यावर गोल फिरून पडला. मी तो फडक्यानं उचलायला गेले, मग फडकं बाजूला ठेवलं आणि बोटांनी उचलला.

आईंच्या डाव्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली, उघडली. अंगठा कडेवरून फिरवला, मग राणीच्या चेहऱ्यावरून, मग मागच्या अक्षरांवरून, सावकाश. उजव्या हाताकडे न्यायचा प्रयत्न केला. मी त्यांचा उजवा हात धरून बोटं रुपयावर टेकवली.

"इकडं... नाही समजत," त्या म्हणाल्या.

"मला माफ करा, आई. मी तेव्हाच द्यायला हवा होता."

त्यांनी रुपया गालाला लावला. "गार हाय," म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "किती बारका हाय वं. मले मोठा वाटे."

रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या रागावल्या नाहीत. रुपया घेऊन तशाच झोपल्या.

त्या आठवड्यात मी नियमाप्रमाणे स्लॅबमधली आकड्याची चिठ्ठी कंपनीला परत पाठवली आणि नोंद रद्द करायला सांगितलं. त्या वर्षाची जागा रिकामी झाली आणि संच चौथ्या क्रमांकावर गेला. गेल्या वर्षाच्या पानावर मात्र माझं नाव पहिलं आहे, ते काढत नाहीत. मी विचारून पाहिलं. उमरेडच्या काकांचा फोन आला. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं. उशीर केला, पन बरं केलं." त्यांनी संच विकून टाकला आहे. नवा घेणारा कोण ते त्यांनाही माहीत नाही.

मी सुटले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. कपाटात अजून पंचवीसच्या वर स्लॅब आहेत. दोनदा विकायला काढले आणि दोनदा परत आणले. दूध तापायला ठेवलं की हात अजून फोनकडे जातो. कधी मी यादी उघडते, कधी फोन पालथा ठेवून दुधाकडे पाहत उभी राहते. उघडली नाही त्या दिवशी दुपारपर्यंत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. इतकंच झालं आहे.

फिजिओथेरपीच्या ताई आठवड्यातून तीनदा येतात. उजव्या हाताच्या बोटांना व्यायाम म्हणून त्यांनी वाटाणे आणि बटणं उचलायला दिली होती. आईंनी ती बाजूला सारली. त्यांना रुपया हवा असतो. बोटात धरायचा, दुसऱ्या बोटाकडे सरकवायचा. पहिले दोन महिने तो टिकायचाच नाही. आता अंगठा आणि पहिलं बोट जरा धरतात, आणि परवा त्या म्हणाल्या की कडेवरच्या रेघा थोड्या थोड्या समजतात. खऱ्या समजतात की मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, कुणास ठाऊक.

रुपया दिवसातून दहा-बारा वेळा फरशीवर पडतो. कडेला दोन खळगे पडले आहेत, राणीच्या गालावर लांब चरा आहे, निळा रंग निम्मा गेला. पडल्याचा आवाज आला की मी अजून दचकते आणि आकडा मनातल्या मनात खाली घसरतो. त्रेसष्ट. अठ्ठावन्न. पन्नास.

"पडला काय वं?" त्या विचारतात.

"हो, आई."

"मंग उचल ना. पाहून काय राहिली?"

मी खाटेखाली वाकते, उचलते, पदराला पुसते आणि त्यांच्या बोटांत पुन्हा देते.